भोपाळला गेलेली प्रतिक्रिया

ते काम मी घेतलं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं.

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात बांगड्यांच्या एका दुकानावर वकीलताईंची खोली होती. अशिलांसाठी दोन बाकं, एक लोखंडी कपाट आणि खिडकीशी माझं टेबल. ताईंनी पन्नाशी ओलांडली होती. दिवसभर कोर्टात भांडून आल्या तरी त्यांचा आवाज बसलेला नसायचा. बायकांच्या हक्कांसाठी त्या एक वेबसाइट चालवत. खरं तर दोन. इंग्रजी होती ती त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनी सुरू केलेली, आणि मराठी होती ती इथल्या मराठी बायकांच्या मंडळाच्या जुन्या पत्रिकेतून निघालेली. एकीच्या वाचकांना दुसरीचा पत्ता नव्हता. त्या वर्षी ताईंनी दोन्ही एक करायचं ठरवलं. त्याला त्या 'विलीनीकरण' म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

जुने लेख आणि त्यांच्याखाली वाचकांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया उचलून नव्या जागी आणणं हे माझं काम. त्यात थोडं हरवलंही. ते चालू असतानाच रोज येणाऱ्या प्रतिक्रियांवर नजर ठेवायचं कामही माझ्याकडे आलं. प्रतिक्रिया लिहिली की ती लगेच दिसायची. नियमात न बसणारी मी काढून टाकायची. नियमही मीच लिहिले होते. शिवीगाळ नको, धमकी नको, विषय सोडून लिहायचं नाही, पुरुषांनी बाईच्या नावाने लिहायचं नाही. शेवटचा असा होता की स्वतःची हकीकत सांगणाऱ्या बाईची टिंगल चालणार नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात आम्ही मराठी बोलतो, पण ग्वाल्हेरची मराठी, म्हणजे वाक्य मराठीत सुरू होतं आणि कुठे संपेल ते सांगता येत नाही. लिहायचं म्हटलं की मी इंग्रजीच्या मागे लपायचे. चारचौघांत तर कुठल्याच भाषेत बोलत नसे. ताईंच्या खोलीत मात्र लोक माझ्यासमोर भांडत, रडत, चहा पीत आणि मी खिडकीशी बसून एका बोटाने कुणाचंही बोलणं बंद करू शकत असे. हे मला आवडत होतं, हे आता लिहायला हरकत नाही.

त्या दिवसांत साइटवर नावाचा विषय चालू होता. लग्नानंतर तांदळाच्या ताटात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितात, ते थांबवावं, आडनावाचं काय ते नंतर बघू पण पहिलं नाव तरी मुलीचं मुलीला राहू द्यावं, एवढंच म्हणणं होतं. बायकांनी आपापल्या हकीकती पाठवाव्यात असं ताईंनी आवाहन केलं. पहिली हकीकत निनावी होती. ती माझ्या आईची होती.

आईने ती लिहिली नाही. ती पालक निवडत बोलली आणि मी लिहून घेतलं. तिचं सासरचं नाव माझ्या आजोबांनी बाबांच्या नावाला जुळेलसं निवडलं होतं. ताटात बाबांनी ते लिहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, दोन थेंब तांदळात पडले, आणि सगळ्यांना वाटलं माहेर सुटलं म्हणून रडते आहे. पुढे गुणपत्रिकेवर एक नाव आणि रेशनकार्डावर दुसरं. प्रत्येक खिडकीवर प्रतिज्ञापत्र. हे सगळं मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते तिने शेवटी सांगितलं. मी सहा-सात वर्षांची असताना तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला. तिने आईला जुन्या नावाने विचारलं. मी ऐटीत म्हणाले, "राँग नंबर. इस नाम का यहाँ कोई नहीं रहता." आई ओल्या हातांनी दारातच उभी होती. मैत्रिणीने परत फोन केला नाही.

"हेही लिहू?" मी विचारलं.

"लिही. पण नाव लिहू नकोस. दोन्ही नकोत."

हकीकत खूप वाचली गेली. खाली प्रतिक्रियांची रांग लागली. चौथ्या की पाचव्या दिवशी एक लांब प्रतिक्रिया आली. नावाच्या जागी फक्त 'दाना ओलीतली' असं होतं; दाना ओली ही इथली जुनी वस्ती. ती आजही मला जवळजवळ पाठ आहे.

'मी माहेरी पाचवी मुलगी. माझ्या जन्माआधी आत्या वारली होती, तिचं नाव मला ठेवलं. तिची लुगडी थोरल्या बहिणींना गेली, नाव उरलं होतं ते मला. लग्नाच्या आदल्या दिवशी यांनी आपल्या बहिणीच्या हाती निरोप पाठवला, कोणतं नाव आवडेल ते विचारून ये. जन्मात पहिल्यांदा मला कुणी काही विचारलं होतं. मी सांगितलं तेच नाव यांनी ताटात लिहिलं. ते माझं खरं नाव. आता तुम्ही म्हणता तो अन्याय होता. असेल बाई. पण तांदळात अश्रू गाळणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात खाल्ला असेलच की. तो गोड लागला की खारट, तेवढं कळवावं.'

मी ती चार मिनिटांत काढली.

त्याआधी महिनाभर बायकांच्या नावाने लिहिणारे पुरुष येत होते. त्यांची एक तऱ्हा मला ओळखू येऊ लागली होती. भाषा घडीव, सूर सोशिक, आणि शेवटी एक चिमटा. ही प्रतिक्रिया अगदी त्या मापाची वाटली. शिवाय टिंगलीचा नियम होताच. पण खरं सांगायचं तर दोन्ही कारणं मी बोट उचलल्यावर शोधली. ती भाताची ओळ वाचून माझे कान तापले होते. माझ्या आईला कुणीतरी हसलं होतं.

काढलेली प्रतिक्रिया साइटच्या टोपलीत महिनाभर पडून राहते, मग आपोआप पुसली जाते. मी टोपली बंद केली आणि घरी गेले.

आठवड्याने एका निवृत्त गृहस्थांनी इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. दाना ओलीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी लिहिलेली प्रतिक्रिया गायब झाली, असं त्यांनी एका घरी भजनाला गेले असताना ऐकलं होतं. 'बायकांच्या आवाजाची वेबसाइट म्हणे! आवाज मनासारखा असेल तर ठीक, नसला की पुसून मोकळ्या. हेच का तुमचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य?' दोन दिवसांत तो मजकूर फिरून फिरून आमच्याकडे आला. ज्यांना आम्ही घरं मोडणाऱ्या वाटत होतो त्यांना तर आयतंच मिळालं. पण आमच्या बाजूच्या मुलींनीही विचारलं, हे खरं आहे का?

ताईंनी कोट खुंटीला अडकवत मला विचारलं, "काय गं, अशी काही कॉमेंट होती? दाना ओली?"

मी पडद्याकडे बघत म्हणाले, "शिफ्टिंगमध्ये गेली असेल. बऱ्याच गेल्या ना."

"हां. वही तो." त्यांनी लगेच मानलं. मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, कारण मी फारशी बोललेच नव्हते.

रात्रीतून त्यांनी उत्तराचा मसुदा केला. टीकेचं स्वागत आहे, दोन साइट एकत्र करताना काही प्रतिक्रिया तांत्रिक कारणाने हरवल्या, कुणाचाही आवाज दाबलेला नाही. रविवारी सकाळी उत्तर साइटवर लागणार होतं. तोवर मी त्याचं इंग्रजी करायचं होतं. मी केलं. इंग्रजीत ते आणखी गुळगुळीत झालं. टोपलीत ती प्रतिक्रिया होतीच, अजून वीसेक दिवस राहणार होती. एक बोट, आणि ती परत आली असती. पण ती परत आली की ताईंना कळलं असतं की ती हरवलेलीच नव्हती. मग ती खिडकी, ते टेबल, सगळंच गेलं असतं. ग्वाल्हेरमध्ये मला नीट बसता येईल अशी तेवढी एकच जागा होती.

शनिवारी आम्ही पडाव भागातल्या आमच्या घरी जेवत होतो. आई भात वाढता वाढता म्हणाली, "ती दाना ओलीतली बाई कुठे गेली गं? मी तिला उत्तर लिहीत होते मोबाइलवर. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले, परत आले तर ती गायबच."

"तुला राग नाही आला?"

"राग कशाचा? हसू आलं मला." आईने डाव टेकवला. "इतके लोक 'बिचारी, बिचारी' लिहीत होते. हिने तरी काहीतरी विचारलं."

मी भात कालवला. आईसाठी म्हणून जे काढलं होतं, ते आईच्याच हातातून काढून घेतलं होतं. तरीही मी तिला काही सांगितलं नाही. फक्त त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

रविवारी सकाळी ताई आणि मी खोलीवर होतो. उत्तर तयार होतं, ताई शेवटचं वाचत होत्या. तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. जिना उभा होता, वर यायला कुणाला तरी बराच वेळ लागत होता. ताई दाराशी गेल्या. वर आल्या त्या ऐंशीच्या घरातल्या, लहानखुऱ्या, पांढरी सुती साडी आणि पायांत कापडी बूट. हातात एक पिशवी. बाकावर बसून त्यांनी आधी श्वास आवरला, मग चष्मा पुसला.

"वेबसाइट इथेच का? मला वाटलं मोठं ऑफिस असेल."

"इथेच, काकू. बसा ना. पाणी देऊ?"

"पाणी नको. मी लिहिलेलं कुठे गेलं ते सांगा. दाना ओलीची मी."

मी पडद्याकडे वळले. ताई मात्र पुढे सरसावल्या. "काकू, बरं झालं आलात. अहो, आम्ही दोन साइट एक केल्या ना, त्या शिफ्टिंगमध्ये हरवली तुमची कॉमेंट. आज तसं लिहितोच आहोत."

आजी एकदम हसल्या. खोकला येईपर्यंत हसल्या.

"भोपाळला गेली म्हणा ना!"

"काय?"

"अहो, माझं लग्न झालं त्याच सुमारास मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात मिसळला आणि राजधानी इथून भोपाळला गेली. कचेऱ्या उचलल्या, गाठोडी बांधून कागद गेले. हे कचेरीत होते. त्यानंतर जन्मभर ऐकलं मी, काही सापडलं नाही की, भोपाळला गेलं. यांच्या बढतीचा कागद? भोपाळला गेला. सर्व्हिसचं पुस्तक? भोपाळला. एकदा आमच्या घरची पुरणाची चाळण मिळेना, तर हेच म्हणाले, भोपाळला गेली असेल." त्यांनी चष्मा चढवला. "आणि यांचा तो बढतीचा कागद कुठे सापडला, माहीत आहे? इथल्याच कपाटात. साहेबाला द्यायचा नव्हता. तेव्हा राज्यं एक करताना हे हरवलं, साइट एक करताना ते हरवलं, असलं मला सांगू नका. एवढं नीट नेमकं कधी हरवत नाही, बाई."

ताई कपाळाला आठी घालून काहीतरी बोलणार होत्या. आजींनी पिशवीतून वहीचा कागद काढला. "कच्चं लिहून मग मोबाइलवर उतरवते मी. घ्या, परत लावा. शब्द बदलू नका."

कागदावर निळ्या शाईत तीच प्रतिक्रिया होती. 'गोड लागला की खारट' याआधी दोन ओळी खोडलेल्या होत्या. तिथे आधी याहून तिखट काहीतरी असणार.

"मी काढली," मी म्हणाले.

ताई वळल्या. "काय?"

"हरवली नव्हती. मी काढली. ताईंना मी खोटं सांगितलं. ती इथेच आहे, टोपलीत."

खाली दुकानात बांगड्या मोजल्याचा आवाज येत होता. आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं, मी तिथे आहे हे त्यांना आत्ताच दिसल्यासारखं.

"का काढलीस, बाळ?"

"मला वाटलं तुम्ही पुरुष आहात."

आजींनी स्वतःच्या साडीकडे पाहिलं, मग ताईंकडे. "अगंबाई! हे आजवर कुणी म्हणालं नव्हतं." आणि परत हसू. "का गं, पुरुषासारखं काय लिहिलं मी?"

"नीट लिहिलं होतं," मी म्हणाले. हे बोलताना मला कळलं की मी काय बोलते आहे, पण तोवर बोलून झालं होतं.

ताईंना हसू आलं नाही. त्या बाकावर आजींच्या शेजारी बसल्या. "आणि तेवढ्यासाठीच काढलीस?"

"नाही. ती हकीकत माझ्या आईची आहे."

यावर आजींचं हसणं थांबलं. त्यांनी कागदाची घडी केली, उलगडली. "मग बरोबर आहे. तुला लागलं." मग म्हणाल्या, "पण मी काही खोटं लिहिलं नव्हतं हो."

"नाही."

"मग लाव परत. भातासकट लाव."

ताई मला रागावल्या, पण आजी गेल्यावर, आणि प्रतिक्रिया काढल्याबद्दल नाही. "काढलीस ते चुकलं, ठीक. माणसाचं चुकतं. पण मी उद्या कोर्टात, बाजारात, सगळीकडे छाती ठोकून सांगितलं असतं, हरवली म्हणून. तुझ्या भरवशावर. समझ रही है?" मी मान हलवली. मला वाटलं, आता त्या म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस. त्यांनी आपला मसुदा फाडला आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "उत्तर तू लिही. मराठीत. इंग्रजी मी करते."

दोन तास लागले. मी लिहिलेलं ते पहिलं मराठी, जे परीक्षेसाठी नव्हतं. ते असं होतं:

'दाना ओलीतल्या बाईंची प्रतिक्रिया हरवली नव्हती. ती मी काढली होती. ती कुणा पुरुषाने लिहिली असावी असं वाटलं, आणि ती मला झोंबली. पहिली समजूत चुकीची निघाली. दुसरी गोष्ट खरी आहे, पण झोंबणं हे काढण्याचं कारण होऊ शकत नाही. प्रतिक्रिया परत लावली आहे. मुलीचं नाव तिला विचारल्याशिवाय बदलू नये, हे आमचं म्हणणं आहे. शिव्या आणि धमक्या आम्ही यापुढेही काढू, पण काढल्या की तिथे काढल्याचं लिहून ठेवू.'

ताईंनी वाचलं. 'मी काढली होती' खोडून तिथे 'आम्ही' केलं. 'मला झोंबली'चं 'आम्हाला' केलं.

"साइट माझी आहे," त्या म्हणाल्या. "तू एकटी कशाला?" मग 'विचारल्याशिवाय'वर पेन टेकवून म्हणाल्या, "हे आधी आपल्या म्हणण्यात नव्हतं."

"आजींना विचारलं होतं ना."

"हं. राहू दे."

उत्तर लागलं. ज्यांना घरं मोडल्याची चिंता होती त्यांचं समाधान झालं नाही, होणारही नव्हतं. ग्रुपवरच्या गृहस्थांनी मात्र एकच ओळ लिहिली: 'म्हणजे लिहिणारा पुरुष असता तर काढणं योग्य होतं?' मी घाबरत ती ताईंना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. "सवाल सही है," त्या म्हणाल्या. त्याचं उत्तर आम्ही पुढच्या आठवड्यात दिलं, बऱ्याच भांडणानंतर, आणि त्या भांडणात मी तीनदा बोलले. पुरुषांनी बाईच्या नावाने लिहायचं नाही, ही ओळ नियमांतून गेली. टिंगलीचा नियम राहिला, पण आता तो लावायचा की नाही हे ज्या बाईची हकीकत असेल तिला विचारून ठरतं.

उत्तर लागलं त्या रविवारी संध्याकाळी मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, लहानपणच्या त्या राँग नंबरचं तरी काढेल. तिने फक्त हात पुसले, मोबाइल मागितला आणि चष्मा कुठे आहे ते विचारलं. मग बराच वेळ ती एका बोटाने काहीतरी लिहीत राहिली. मी भाजी फोडणीला टाकली.

दुसऱ्या दिवशी खोलीवर जाऊन पाहिलं तर दाना ओलीच्या प्रतिक्रियेखाली 'पडावातली' अशी एक नवीन होती.

'तुमचं वाचून फार बरं वाटलं. हो, दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात केला होता. मीच केला. खारट अजिबात नव्हता, छान मोकळा झाला होता, मी दोनदा घेतला. तरी नाव मला माझंच हवं होतं. तुम्हाला विचारलं, मला नाही, एवढाच फरक.'

तिच्याखाली आजींचं उत्तर आलेलं होतं. 'हा फरक मोठा आहे. मान्य.' आणि मग पुढच्या ओळीत, 'तांदूळ कोणता होता? नव्या तांदळाचा भात मोकळा होत नाही. आमच्याकडे तर गिचका झाला होता.'

'काली मूंछ,' आईने लिहिलं होतं. 'जुना. सासूबाईंनी डब्यात जपून ठेवलेला.'

'मग बरोबर. पाणी किती?'

हे विषय सोडून होतं. माझ्याच नियमाप्रमाणे सगळंच काढायला हवं होतं. मी खुर्ची खिडकीकडे ओढली, चहा घेतला, आणि आई पाणी किती सांगते ते वाचत बसले.